मूर्ती आत्याच्या घरी गेली, त्या वर्षी

ऑक्टोबर महिन्यात आमच्या वाडीत मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एक दिवस एका घरी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर सगळे त्या घरी जमतात, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, गाणी होतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. मूर्ती त्या घरात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राहते. मग त्याच घरची बाई ती दोन्ही हातांत धरून पुढच्या घरी नेते आणि पुढच्या घरची बाई दारात उभी राहून ती घेते. मध्ये मूर्ती खाली ठेवायची नाही. हातातून हातात गेली पाहिजे. क्रम कोणी ठरवत नाही. घरं जशी ओळीने उभी आहेत तसाच तो असतो.

आमच्या घरानंतर माझ्या आत्याचं घर आहे आणि तिच्यानंतर मोठ्या काकींचं. पण मूर्ती आमच्याकडून थेट काकींकडे जायची. आत्याच्या दारावरून, पण दारात न थांबता.

याचं कारण वाडीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नसे. आत्याने लग्न केलं ते बाजूच्याच घरातल्या हिंदू मुलाशी. आधी नोंदणी, मग हॉलमध्ये अंतरपाट आणि मंगलाष्टका. चर्चमध्ये काही झालं नाही. मी तेव्हा शाळेत होते. मला लग्नातली जिलेबी आठवते, कारण आई आम्हा भावंडांना घेऊन तासाभरासाठी जाऊन आली होती. बाबा गेले नाहीत. माझ्या आजीने मरण्याआधी त्यांच्याकडून शब्द घेतला होता की धाकटीचं लग्न चर्चच्या वेदीसमोर लावशील. तो शब्द त्यांच्या हातून राहिला आणि त्याचा राग त्यांनी आत्यावर काढला, की स्वतःवर, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

म्हणजे ते भांडलेले होते असंही नाही. रस्त्यात भेटले तर "बरी हाय ना?" "हां, बरी हाय," एवढं व्हायचं. नाताळात आत्या करंज्यांचा डबा घेऊन यायची, तेव्हा बाबा समोरच बसलेले असायचे आणि करंजी खायचेही. फक्त त्यांनी तिच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. दोन घरांमध्ये एक कुंपण आणि एक शेवग्याचं झाड आहे, एवढंच अंतर.

आत्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला येते. शेवटच्या बाकावर बसते. लग्न चर्चच्या रीतीने झालेलं नसल्यामुळे तिला कम्युनियनची पवित्र भाकर घेता येत नाही, म्हणून बाकीचे रांगेत उभे राहिले की ती बसून राहते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. तिथे एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, "तुम्ही ख्रिश्चन म्हणजे घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" मी म्हटलं, नाही, आमच्या घरात "हाय" आणि "न्हाय" चालतं. ती हसली, मीही हसले. पण आत्या शेवटच्या बाकावर का बसते हे तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला लिहायची फार सवय नाही, तरी म्हणून हे लिहून बघते आहे.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. मी गिरणीत तांदळाचं दळण घेऊन उभी होते आणि ड्युटीवरून येणारे बाबा डबा उचलायला तिथे थांबले होते. बाबा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतात. आत्याची सासूही दळणाला आली होती. मी त्यांना आजी म्हणते. त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "काय पाव्हणं, यंदा तुमची माय कवा फिरायला निंघते?"

बाबा म्हणाले, "एक तारखेपासनं. नेहमीसारखं."

"आमच्या दारावरनं जाते दरवर्षी. आत का न्हाय येत? आमी काय तिला खातो?"

गिरणीवाला हसला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तसं न्हाय, मावशी. आमच्यात नियम असतात."

"असतील. तुजी बहीन बोलत न्हाय, म्हनून मी बोलते. आई लेकीच्या घरी येत न्हाय व्हय कदी?"

बाबांनी दळण अजून गरम असतानाच डबा खांद्यावर घेतला आणि चालू लागले. मला मागून पळावं लागलं.

घरी आल्यावर मी आईला हे सांगितलं. बाबा हातपाय धूत होते, त्यांना ऐकू जात होतं. आई म्हणाली, "खरंच बोलली ती."

"तू गप," बाबा म्हणाले.

"गप कशी राहू? दरवर्षी मूर्ती माझ्या हातात असते. तिच्या दारावरनं मी नेते. तुम्ही मागं असता, मेणबत्त्या सांभाळत. ती फाटकात उभी असते, तिचं तोंड मला दिसतं. तुम्हाला न्हाय दिसत."

 जेवताना बाबांनी मला विचारलं की कॉलेजची परीक्षा कधी आहे. ते त्यांनी आदल्या दिवशीही विचारलं होतं.

वाडीतली रोझरी बाबाच चालवतात. त्यामुळे कोणाकडे मूर्ती जायची हा प्रश्न शेवटी त्यांच्याकडेच यायचा. रविवारी मिस्सानंतर ते फादरना भेटायला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. फादरांशी बोलायचं असलं की ते मला नेतात, कारण आमचे फादर दुसऱ्या जिल्ह्यातले आहेत आणि फार शुद्ध बोलतात. बाबांना वाटतं, मी सोबत असले की आपलं बोलणं बरं वाटतं.

बाबांनी सगळं सांगितलं. लग्न, सासू, गिरणी. शेवटी म्हणाले, "तर आपण काय म्हणाल, तसं. नको म्हणालात तर मी त्यांना तसं कळवतो."

फादर म्हणाले, "लग्नाचा प्रश्न वेगळा आहे. तो तिने माझ्याकडे आणला तर आपण बघू. प्रार्थनेला कोणाच्या घरी जायला मी नको कशाला म्हणू? पण तिची इच्छा आहे का?"

"तिला विचारलं न्हाय."

"सासूने विचारलं, तुम्ही मला विचारलंत. जिच्या घरी जायचं तिला कोणीच विचारलं नाही?"

बाबा "बरं" म्हणून उठले. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं की त्यांना फादरांकडून नकार हवा होता. नकार मिळाला असता तर सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं आणि दोष कोणाचाच नसता. पण हा माझा अंदाज आहे. मी विचारलं नाही.

आत्या चर्चच्या आवारात स्कूटरची चावी शोधत उभी होती. बाबा तिच्याजवळ गेले. मी दोन पावलं मागे थांबले, तरी ऐकू येत होतं.

"मूर्ती आणायची म्हणतेय तुझी सासू."

"मला ठाव हाय. गिरणीतनं घरी येईपर्यंत तिनं सगळ्या वाडीला सांगितलंय."

"तुला काय वाटतं?"

आत्याने चावी शोधणं थांबवलं. "दादा, तू येशील?"

"रोझरी मीच चालवतो. येणारच."

"ते न्हाय विचारलं. आत येशील?"

"बाहेर उभं राहून कशी चालवणार?"

आत्या हसली. खूप दिवसांनी मी तिला बाबांसमोर हसताना पाहिलं. म्हणाली, "मग आण." आणि मग तिचा चेहरा बदलला. "पण दादा, आमच्याकडं तेव्हा घट बसलेला असंल."

त्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरातच आलं होतं. आत्याच्या घरी मूर्ती जायची तो दिवस नवरात्राच्या मधला निघत होता. बाबांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि "बघू," म्हणाले. मग आम्ही मोटरसायकलवर घरी निघालो. रस्त्याच्या कडेला ट्रेलरांची रांग लागलेली होती, तिच्या बाजूने आम्ही हळूहळू आलो.

प्रवचनात शेजाऱ्यावर प्रेम करा हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी कोणीतरी परका माणूस यायचा, रस्त्यात पडलेला, भुकेला वगैरे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आत्या खरोखरच आमची शेजारीण आहे.

मूर्ती आमच्याकडे आली त्या संध्याकाळी मोठ्या काकींनी विषय काढला. काकी वाडीत वयाने सगळ्यांत मोठ्या. गाण्याचा सूर त्याच लावतात आणि कोणाचा उच्चार चुकला तर तिथल्या तिथे सांगतात. चण्यांची वाटी हातात घेऊन त्या बाबांना म्हणाल्या, "उद्या मूर्ती बाजूला जाणार असं ऐकलं."

"हां."

"ज्या खोलीत घट, त्याच खोलीत मरियामाता? मी तिथं गुडघे टेकणार न्हाय, सांगून ठेवते."

"नका टेकू, काकी. तुमचे गुडघे तसेही दुखतात," आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको. आणि परवा मी तिच्या हातनं मूर्ती घ्यायची?"

"रीत तशी हाय," बाबा म्हणाले.

"रीत! तिनं पाळली का रीत, लग्न करताना?"

 आईने बाबांकडे पाहिलं. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, पण काकींच्या तोंडून नाही. ते बाबांचं होतं. अगदी याच शब्दांत ते आमच्या घरात अनेकदा बोलले होते. आता ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांच्याकडे परत आलं. ते टेबलक्लॉथकडे बघत म्हणाले, "मी जाणार. ज्याला यायचं त्यानं यावं."

दुसऱ्या संध्याकाळी आमच्या अंगणात नेहमीपेक्षा कमी माणसं जमली. दोन-तीन घरांतून कोणीच आलं नाही. काकी आल्या होत्या. आई मूर्ती घेऊन निघाली, तिच्या मागे मेणबत्त्या घेऊन बाबा, आणि गाणं म्हणत आम्ही सगळे. अंतर इतकं कमी की एक कडवंही पुरं झालं नाही. काकी आत्याच्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथे रस्त्यावरच हातात जपमाळ घेऊन उभ्या राहिल्या.

बाबांनी उंबरा ओलांडला तेव्हा मी मुद्दाम बघत होते. काही विशेष झालं नाही. त्यांनी चपला काढल्या, त्या पायाने नीट बाजूला सारल्या आणि डोकं वाकवून आत आले, कारण त्या दाराची चौकट बुटकी आहे. आत आल्यावर मात्र त्यांनी खोली एकदा सगळी पाहिली. भिंतीवर आत्याच्या मुलाचा शाळेतला फोटो होता. तो ते जरा जास्त वेळ बघत राहिले.

खोलीच्या एका कोपऱ्यात घट होता. वर झेंडूची माळ, खाली मातीत उगवलेले हिरवे-पिवळे कोंब, बाजूला समई. आत्याने मरियामातेचं टेबल बरोबर समोरच्या भिंतीला लावलं होतं. पांढरा कपडा, दोन मेणबत्त्या, अबोलीचा गजरा. त्यामुळे अडचण अशी झाली की मूर्तीकडे तोंड केलं की घटाकडे पाठ होत होती, आणि पाठ करून बसायला आमच्यातल्या कित्येकांना अवघड वाटत होतं. हे कोणी कोणाला सांगितलं नाही, पण हळूहळू सगळेच बाजूच्या भिंतीला पाठ लावून कडेने बसले. आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कधी उभं राहायचं, कधी बसायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे बघून सगळं करत होते, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांची थोडी उशिरा होत होती.

आत्याने आईच्या हातून मूर्ती घेतली आणि टेबलावर ठेवली. तेवढ्यात आजी आतून ताट घेऊन आल्या. ताटात नारळ, तांदूळ, सुपारी, हिरवा ब्लाउजपीस आणि हळदी-कुंकवाची कोयरी.

आत्या म्हणाली, "आई, अहो ते नको. मी सांगितलं होतं ना?"

"तू सांगितलंस, मी ऐकलं. पन घरात बाई आली, आनि तिची ओटी न भरता बसवू? नवरात्रात?"

आणि आत्या पुढे काही बोलायच्या आत त्यांनी मरियामातेच्या कपाळाला हळद लावली, वर कुंकू लावलं, आणि नारळ-तांदूळ ब्लाउजपीसमध्ये ठेवून तिच्या पायांशी ठेवले. मग हात जोडून म्हणाल्या, "आलीस, बरं झालं. लेकीवर लक्ष ठेव."

 रस्त्यावरून काकींचा आवाज आला, "अगं, काय करते ही बाई!"  आत्या मूर्तीकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. खरं तर आम्ही सगळेच बाबांकडे बघत होतो. ते उठून निघाले असते तर सगळे निघाले असते, आणि मग त्या घरी मूर्ती पुन्हा कधी गेली नसती, आणि ती आणा म्हणायची हिंमतही आत्याने पुन्हा केली नसती.

बाबांनी कपाळाशी हात नेला आणि क्रुसाची खूण करायला सुरुवात केली. "पित्याच्या आणि पुत्राच्या..." एवढं कानावर पडलं की आमचे हात आपोआप उठतात. लहानपणापासूनची सवय आहे. सगळ्यांचे उठले. मी फाटकाकडे पाहिलं तर काकींचाही उठला होता.

रोझरीचे पाच भाग असतात. पाचवा भाग त्या घरच्या बाईने म्हणायचा अशी आमच्यात पद्धत आहे. आत्याने सुरू केलं. लग्नानंतर ती लोकांसमोर पहिल्यांदाच म्हणत होती. शब्द सगळे बरोबर होते, पण वेग इतका की मागून म्हणणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती. तिसऱ्या 'नमो मरिये'ला बाबा डोळे मिटूनच हळूच म्हणाले, "हळू. गाडी सुटत न्हाय."

दोन-तीन बायका हसल्या. आत्याही हसली, थांबली, आणि मग हळू म्हणू लागली. नंतर आईने सांगितलं की लहानपणी आत्या जेवायची घाई असली की प्रार्थना अशीच पळवायची, आणि बाबा तिला हेच म्हणायचे.

चणे आजींनी केले होते. खोबऱ्याचे तुकडे घातलेले, कांदा-लसूण नाही. त्यांचा उपास होता, त्यांनी स्वतः खाल्ले नाहीत. सगळ्यांना दिल्यावर त्या एक वाटी घेऊन फाटकापर्यंत गेल्या. "तुमी बाहेर प्रार्थना केली, आता बाहेरच खा," काकींना म्हणाल्या. काकींनी वाटी घेतली. सगळे चणे खाल्ले, रिकामी वाटी कठड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

"उपासाच्या तोंडानं चव बघता येत न्हाय," आजी म्हणाल्या.

मग कुंकवाचा प्रश्न आला. मागच्या घरातली एक बाई आईच्या कानात म्हणाली, "उद्या काकींकडे जायच्या आधी पुसून टाका. ओल्या फडक्यानं निघंल." आत्याने ओलं फडकं आणून आईला दिलं. आई टेबलाजवळ गेली, फडकं मूर्तीच्या कपाळापर्यंत नेलं, आणि हात मागे घेतला. मग त्या बाईला म्हणाली, "तूच पूस." ती म्हणाली, "मी न्हाय बाई."

आमच्या घरातल्या बायका कुंकू लावत नाहीत. आईच्या कपाळावर मी कधी पाहिलेलं नाही. तरी लावलेलं कुंकू आपल्या हाताने पुसायला त्यांच्यातली एकही तयार झाली नाही. इथे जन्मलेल्या बाईला ते करवत नाही, मग ती कुठल्याही देवळात जाणारी असो. फडकं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आणि शेवटी खुर्चीच्या पाठीवर वाळत पडलं.

बाबा म्हणाले, "राहू दे. उद्या बघू."

ते लगेच निघाले नाहीत. आतोबांनी त्यांना यार्डातल्या कामाबद्दल विचारलं, त्यांनी सांगितलं. आत्याने चहा आणला. आजी म्हणाल्या, "जेवून जा, वरीचा भात हाय." बाबा म्हणाले, घरी केलंय. आजी म्हणाल्या, "घरी रोजच असतं." पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मूर्ती आत्याच्या हातात होती. ओटीची पिशवी आजींच्या हातात. कुंकू तसंच होतं, फक्त ऑक्टोबरच्या उकाड्याने जरा पसरलं होतं. आम्ही गाणं म्हणत काकींच्या दारापर्यंत पोचलो. काकी दारात उभ्या होत्या. हात पुढे नव्हते. पदराखाली होते.

गाणं संपलं. मूर्ती घेतली जाईपर्यंत गाणं थांबवायचं नसतं, म्हणून आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सूर लावणाऱ्या काकीच गप्प असल्यामुळे ते फार बेसूर होत होतं. ते दुसऱ्यांदा संपलं. कोणीतरी तिसऱ्यांदा सुरू केलं, पण आता आवाज निम्मे झाले होते. मूर्ती प्लास्टरची आहे, दिसते त्यापेक्षा जड आहे. आत्याने दोनदा पकड बदलली. ती खाली ठेवू शकत नव्हती, परत नेऊ शकत नव्हती, आणि काकी घेत नव्हत्या.

बाबांनी हातातल्या मेणबत्त्या माझ्याकडे दिल्या आणि पुढे गेले. मला वाटलं, ते आता मूर्ती स्वतः घेऊन काकींना देतील. तसं झालं असतं तर काकींनी ती घेतली असती, त्यांच्या मनासारखंही झालं असतं. पण बाबांनी मूर्ती घेतली नाही. त्यांनी आपले दोन्ही हात आत्याच्या हातांखाली धरले आणि वजन तोललं. मूर्ती आत्याच्याच हातात राहिली. दोघं भाऊ-बहीण तसेच काकींसमोर उभे राहिले.

काकींनी बाबांकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग मूर्तीच्या कपाळाकडे. म्हणाल्या, "किती वेळ उभं राहणार?"

"तुम्ही घ्याल तवर," बाबा म्हणाले.

"तुझी आई पण अशीच हट्टी होती." काकींनी पदराखालचे हात काढले आणि आत्याच्या हातातून मूर्ती घेतली. जवळ धरून कपाळ नीट पाहिलं. "लावायचं तर गोल तरी लावायचं. हे काय, वाकडं."

मागून आजी म्हणाल्या, "चष्मा नव्हता लावला."

"मग ओटी काय रस्त्यात धरून बसणार? आणा आत," काकी म्हणाल्या, आणि सूर लावला. गाणं तिसऱ्या वेळी नीट झालं.

मूर्ती उरलेल्या घरांतून त्याच कपाळाने फिरली आणि महिनाअखेरीला चर्चमध्ये परत गेली. फादरांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, किंवा मी तिथे असताना तरी विचारलं नाही. कुंकू पुढे कधी आणि कोणी काढलं हे मला माहीत नाही.

यातून फार काही बदललं असं मी म्हणू शकत नाही. आत्या अजून शेवटच्या बाकावर बसते. लग्नाचा प्रश्न तिने फादरांकडे नेलेला नाही. आतोबा म्हणतात, तू म्हणशील तसं, आणि ती म्हणते, बघू. काकी अजूनही तिच्याशी बोलताना आधी थोडं थांबतात. त्यानंतरच्या वर्षी मूर्ती आत्याकडे गेली तेव्हा काकी पायरीपर्यंत आल्या, आत नाही. त्या वर्षी नवरात्र आधीच होऊन गेलं होतं, म्हणजे घटाचं कारणही नव्हतं. बाबांच्या मनात त्यांच्या आईला दिलेल्या शब्दाचं काय झालं, तेही मी त्यांना विचारलेलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारत नाहीत.

पण बाबा आता आत्याकडे जातात. बहुतेक शनिवारी, ड्युटीवरून येताना. फाटकाशी मोटरसायकल लावतात, भाच्याचा अभ्यास घेतो म्हणून बसतात आणि अंधार पडेपर्यंत येत नाहीत. घरी आल्यावर तक्रार करतात की तिच्या चहात साखर फार असते.

"मग सांगा तिला," आई म्हणते.

"सांगितलं. ऐकत न्हाय."